भाऊबीजेला बंदूक

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी धायरीला राहतो, वय ४१. बांधकाम साहित्याचा व्यवसाय आहे. रोकड घेऊन फिरावं लागतं, म्हणून सहा वर्षांपासून माझ्याकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. माझी मोठी बहीण शिरूर तालुक्यात उसाच्या पट्ट्यात वस्तीवर राहते. मेव्हणे कामामुळे आठवड्यातले चार दिवस बाहेर असतात. तिकडे बिबट्याचा वावर आहे, मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवर चोरीही झाली. या भाऊबीजेला साडीऐवजी तिला एक चांगलं रिव्हॉल्व्हर घेऊन द्यावं असं मनात आहे. माझ्या परवान्यावर आणखी एक शस्त्र घेता येतं असं कळलं. टेक्सासचा आतेभाऊ म्हणतो, तिकडे लोक घरच्यांना सर्रास बंदूक भेट देतात. नाहीतर वडिलांची (वय ७४) बारा बोअरची दुनळी १९८८ पासून घरात आहे, हल्ली नुसती पडून असते. तीच ताईकडे नेऊन ठेवली तर? घरातल्या घरातच आहे. एका ओळखीच्याने तर 'परवान्याच्या भानगडीत कशाला पडता, दोन दिवसांत आणून देतो' असंही सुचवलं. भाचा १७ वर्षांचा आहे, त्याला छऱ्याची बंदूक हवी आहे. मेव्हण्यांना अधूनमधून घ्यायची सवय आहे, एरवी माणूस चांगला. काय करू?
— एक भाऊ, धायरी

उत्तर

आधी एक काम करा. वडिलांच्या दुनळीचं परवान्याचं पुस्तक शोधा आणि शेवटच्या नूतनीकरणाची तारीख बघा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल. तुमच्या पत्रात बिबट्या आहे, चोर आहेत, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती 'हल्ली नुसती पडून असते' हे वाचून.

परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती पाच वर्षांची झाली. मुदत उलटून गेली आणि नूतनीकरण झालेलं नसेल, तर तीच बंदूक, त्याच कपाटात, बेकायदा ठरते. परवाना संपला, रद्द झाला किंवा परवानाधारक वारला, की शस्त्र विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, असं शस्त्र अधिनियमाचं कलम २१ सांगतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या सासऱ्यांचीही अशीच बारा बोअर होती. ते गेले, दिवसकार्य झालं, बँक, विमा, सातबारा सगळं मार्गी लागलं, आणि बंदूक माळ्यावर तशीच राहिली. चार महिन्यांनी गाद्या काढताना जुन्या खोळीत गुंडाळलेली सापडली. सोबत बिस्किटांच्या डब्यात अकरा काडतुसं. पितळी बुडांना हिरवट गंज चढलेला, कागदी नळकांडी ओलीने फुगलेली. परवान्याच्या पुस्तकात दर तीन वर्षांचा जांभळा शिक्का एकाखाली एक, नीट ओळीत. शेवटचा त्यांच्या आजारपणाच्या आधीचा. घरात वकिली करणारी मी, आणि इतके दिवस मलाच हे सुचलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. कागदपत्रं करून देणाऱ्या एका एजंटाने सल्ला दिला, 'राहू द्या हो वहिनी, कोण विचारतंय.' असल्या सल्ल्यावर विसंबून अडकलेली माणसं मी कोर्टात पाहिली आहेत. आम्ही ठाण्यात फोन केला, मग लेखी अर्ज, परवान्याचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला घेऊन गेलो. हवालदारांनी काडतुसं दोनदा मोजली, दस्त्याला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, त्यावर नंबर टाकला आणि पावती दिली. ती पावती हातात आली तेव्हा कुठे मला मोकळा श्वास घेता आला.

तुमच्या वडिलांच्या परवान्याची मुदत शिल्लक असेल तर उत्तम. नसेल, तर भाऊबीज वगैरे सगळं बाजूला ठेवून आधी हे निस्तरा. या बंदुकीचा पुढे चांगला उपयोग होऊ शकतो, त्याकडे मी येणारच आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, घरच्या माणसाला बंदूक भेट देता येते का. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये सुरुवातीलाच शब्दांच्या व्याख्या आहेत. शस्त्र 'मिळवणं' यात भाड्याने घेणं, उसनं घेणं आणि भेट म्हणून स्वीकारणं हे सगळं धरलं आहे. 'हस्तांतर' यात भाड्याने देणं, उसनं देणं, देऊन टाकणं आणि ताबा सोडणं धरलं आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनी तुमच्यासारख्या भावाचा विचार साठेक वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. नातं कोणतं, पैसे घेतले की नाही, सण होता की नाही, हे तिथे कुठेच विचारात घेतलेलं नाही. बघितलं जातं ते एवढंच, की जिच्या हातात शस्त्र गेलं तिच्या नावावर त्या शस्त्राचा परवाना होता का.

तुमच्या ताईंच्या नावावर परवाना नाही. त्यामुळे तुमच्या परवान्यावर दुसरं रिव्हॉल्व्हर घ्यायचं आणि शिरूरला ठेवून यायचं, हे करता येणार नाही. एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात हे तुम्हाला बरोबर कळलं आहे (२०१९ पर्यंत ही मर्यादा तीन होती), पण ती दोन्ही तुमच्याच ताब्यात असायला हवीत. 'सांभाळायला दिलं', 'मी आलो की वापरतो', 'कपाटाची किल्ली माझ्याकडे असते', असं बोलणारे अशील माझ्यासमोर बसलेले आहेत. त्यांचा उद्देश वाईट नव्हता. पण कलम ५ मोडून शस्त्र विकणाऱ्याला किंवा हस्तांतर करणाऱ्याला आता किमान सात वर्षं, आणि कमाल जन्मठेप, अशी शिक्षा आहे. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणाऱ्याला किमान दोन, कमाल पाच वर्षं. म्हणजे पोलीस आले तर पहिला गुन्हा ताईंवर दाखल होईल, कारण शस्त्र त्यांच्या घरात सापडेल. ओवाळणीच्या ताटातून तुम्ही बहिणीला हे देणार आहात का?

परवाना नसलेल्या माणसाला शस्त्र हातात घ्यायची मुभा फार थोडी आहे: परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, तेही दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकालाच वापरायला नेऊन देण्यासाठी. वस्तीवर ठेवून घेणं त्यात बसत नाही.

'दोन दिवसांत आणून देतो' म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाचा नंबर फोनमधून काढून टाका. तो गावठी कट्टा आणून देणार, दुसरं काही नाही. कट्टा कुठून आला, आधी कशात वापरला गेला, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. शिवाय स्वतः परवानाधारक असून कट्टा घेतलात, तर तुमचा आहे तो परवानाही हातचा जाईल.

टेक्सासच्या आतेभावाचं म्हणणं अर्धंच खरं आहे, आणि पुण्यात घरटी एक मूल तिकडे असल्यामुळे हे सगळ्यांनीच नीट समजून घ्यावं. अमेरिकेत दुकानातून बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. खरा खरेदीदार तुम्हीच आहात का, असा त्यात सरळ प्रश्न असतो. स्वतःच्या पैशाने घेऊन, बंदूक बाळगायला पात्र असलेल्या नातेवाइकाला खरोखरीची भेट देणं तिकडच्या केंद्रीय कायद्याला चालतं. पण पैसे दुसऱ्याचे आणि सही आपली, असं केलं की गुन्हा. व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने पोलिसांची सवलत मिळते म्हणून आपल्या काकांसाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं. काकांनी आधीच ४०० डॉलरचा धनादेश पाठवला होता. काका स्वतः बंदूक घ्यायला पूर्ण पात्र होते, तरीही २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पुतण्याची शिक्षा कायम केली. २०२२ च्या कायद्याने तर अशा दुसऱ्याच्या वतीने केलेल्या खरेदीला पंधरा वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. भेट घेणारा दुसऱ्या राज्यात राहत असेल, तर हस्तांतर त्याच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फत करावं लागतं. आणि एच-वन-बी किंवा एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीचा परवाना यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक बाळगायलाच मनाई आहे. तेव्हा ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी मुलांना एवढं जरूर सांगावं: तिकडे स्थायिक झालेल्या कुणी काका-मामाने प्रेमाने दिली तरी घ्यायची नाही. त्या एका भेटीपायी व्हिसा आणि नोकरी दोन्ही जाऊ शकतं.

आपल्याकडे परवाना आधी आणि शस्त्र नंतर, असाच क्रम आहे. २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीने बायकांना डोळ्यांपुढे ठेवून 'निर्भीक' नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन साधारण अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि ते दागिन्यांच्या असतात तशा मरून रंगाच्या पेटीत मिळायचं. पेटी दागिन्याची असली तरी ते घ्यायला त्या बाईच्या स्वतःच्या नावाचा परवाना लागायचाच.

ताईंनी परवाना काढायचा ठरवलं, तर त्यांचा अर्ज तुमच्यासारखा पोलीस आयुक्तांकडे जाणार नाही. तुम्ही पुणे शहर आयुक्तालयाच्या हद्दीत आहात, शिरूर ग्रामीण भागात येतं, म्हणून त्यांचा अर्ज पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी या नात्याने. वय २१ पूर्ण हवं, ते आहेच. विहित नमुन्यातला अर्ज, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात ते सुरक्षित कसं ठेवणार याची हमी, आणि पोलिसांचा चौकशी अहवाल. शस्त्र कशासाठी हवं याचं कारण पटेल असं लिहावं लागतं. चोरीची फिर्याद झाली असेल तर तिची प्रत जोडा, वस्ती गावापासून किती दूर आहे ते लिहा. यात महिने जातात, आणि शेवटी नकारही येऊ शकतो. नकारावर अपील करता येतं. परवाना मिळाल्यावर बिल ताईंच्या नावाचं, नोंद ताईंच्या परवान्यावर. दुकानात पैसे तुम्ही भरलेत, तर त्या पैशांना खुशाल ओवाळणी म्हणा.

पण नवं रिव्हॉल्व्हर घ्यायचंच कशाला? वडिलांची दुनळी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांना परवाना देण्याची तरतूद आहे. बहुतेकांना वाटतं की हे परवानाधारक गेल्यावरच होतं. तसं नाही. परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली असेल, किंवा ते शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असेल, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो हयातीतच आपल्या वारसासाठी अर्ज करू शकतो. तुमचे वडील ७४ वर्षांचे आणि बंदूक १९८८ ची. दोन्ही गोष्टी जुळतात. वारसाला पात्रतेच्या सगळ्या अटी लागू होतातच, प्रशिक्षण आणि पोलीस चौकशी चुकत नाही. पण सरळ, अंगणातून दिसणारी अशी ही वाट आहे, आणि लेक हीसुद्धा वारस आहे, हे आपल्याकडे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. हे सोडून वडिलांना ती तुम्हाला किंवा दुसऱ्या एखाद्या परवानाधारकाला द्यायची असेल, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याच्या नावापत्त्यासह लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं.

इथपर्यंत कायदा झाला. आता माझं मत, आणि तुम्ही ते ऐकावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुमच्या पत्रात ताईंना काय हवंय याबद्दल एकही ओळ नाही. त्यांना विचारलंत का? बंदूक घरात आली की ती रोज सांभाळावी लागते. कपाटाला कुलूप, काडतुसं वेगळी, किल्ली कुणाला न सापडणारी, निवडणूक लागली की जमा करा असा निरोप, मग परत आणायची धावपळ. चार दिवस एकट्या असणाऱ्या बाईवर हे आणखी एक काम आपण टाकतोय का, हे त्यांच्याकडूनच कळेल.

बिबट्यासाठी म्हणाल, तर बंदुकीचा भरवसा धरू नका. उसातला बिबट्या आधी दिसत नाही. सरी भरताना, गवत कापताना माणूस वाकलेला असतो तेव्हा तो मागून येतो. त्या क्षणी बंदूक घरात असते, आणि खांद्यावर असली तरी वळायला वेळ मिळत नाही. दुरून छरे मारून जखमी केलेला बिबट्या साऱ्या वस्तीसाठी जास्त घातक. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे त्याला सर्वात कडक संरक्षण आहे. स्वतःचा जीव वाचवताना घडलं तर कायदा समजून घेतो, पण 'दिसला म्हणून मारला' याला माफी नाही. उपयोगाच्या गोष्टी साध्या आहेत. गोठ्याला वरूनसुद्धा जाळी, घर आणि गोठा यांच्यामधल्या वाटेवर उजेड, घराला लागून असलेला ऊस थोडा मागे, अंधार पडल्यावर बाहेर जाताना सोबत आणि हातात काठी-विजेरी, रात्री पाणी द्यायला एकट्याने न जाणं. वनविभागाचा १९२६ आणि पोलिसांचा ११२, हे दोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत. चोरांसाठी दाराला आतून आडणा, बाहेर कॅमेरा, आणि शेजारच्या चार वस्त्यांनी मिळून रात्रीच्या फोनाफोनीची ठरवलेली पद्धत. यातलं बरंचसं तुम्ही दोन रविवारांत स्वतः उभं राहून करून देऊ शकता. साहित्याचा धंदा तुमचाच आहे.

राहिली ती गोष्ट, जी तुम्ही पत्राच्या शेवटी एका वाक्यात उरकली. मेव्हण्यांना 'अधूनमधून घ्यायची सवय'. माणूस चांगला आहे, मी मान्य करते. पण दारू आणि भरलेली बंदूक एका छपराखाली नको, यावर मी कुणाशीही तडजोड करणार नाही. चोर वर्षातून एकदा येईल किंवा येणारही नाही. ज्या रात्री मेव्हणे पिऊन येतील आणि शब्दाने शब्द वाढेल, ती रात्र त्याच घरात, त्याच कपाटाजवळ येणार आहे. तेव्हा ताई एकट्या नसतील, पण जास्त असुरक्षित असतील. यात दोघांपैकी कुणाचं बरंवाईट झालं, तर बंदूक आणणाऱ्या भावाला ते आयुष्यभर सोसावं लागेल. म्हणून ताईंशी बोलायचं ते मेव्हणे घरी नसताना, जेवणं झाल्यावर, घाई न करता. त्या घरात बंदूक नको म्हणाल्या, तर त्यांना कारण विचारू नका. मान हलवा आणि जाळीचं माप घ्या.

भाच्याचं सोपं आहे. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, ओळखीचा आणि वयाचा पुरावा लागतो. पण ती वस्तीवर देऊन मोकळं होऊ नका. सतरा वर्षांच्या मुलाला निशाण्याला काहीतरी हवंच असतं, आणि वस्तीवर मोर असतात, कुत्री असतात, शेजारची पोरं असतात. त्याला बालेवाडीच्या क्रीडा संकुलातली रेंज दाखवायला न्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, आणि सराव त्याने याच बालेवाडीत केला. प्रशिक्षक शेजारी उभे असताना शिकलेला मुलगा बंदुकीला आदराने हात लावतो.

आता समजा ताई म्हणाल्या, हो, मला बाबांची बंदूक हवी आहे, मी शिकेन, मी सांभाळेन, आणि मेव्हण्यांचंही मी बघते. मग वडिलांना घेऊन अर्ज करा. त्या अर्जासोबत बाकीच्या वारसांची ना हरकत मागतात. म्हणजे तुमची. नोटरीसमोर, वडिलांची ही वस्तू बहिणीकडे जायला माझी हरकत नाही, असं तुम्हाला लिहून द्यावं लागेल. मी वकिलीत बहिणींनी भावांना लिहून दिलेली हक्कसोडपत्रं शेकड्याने केली आहेत, बरीचशी दिवाळीच्या आसपासची, आणि सही करताना खाली घातलेल्या माना पाहिल्या आहेत. भावाने बहिणीला लिहून दिलेलं असं पत्र माझ्या हातून अजून एकदाही झालेलं नाही. ताटात तो कागद ठेवा, आणि सोबत साडीही न्या.